निकाल राखून ठेवलेलं पाखरू

आमच्या वकीलसाहेबांसमोर कोणी आकाशाकडे बोट दाखवून "ती बघा घार" असं म्हटलं, की त्याची धडगत नसे.

"कशावरून?" हा पहिला प्रश्न. मग "शेपटीचा आकार सांगा." मग "पंख सपाट होते की वर उचललेले?" मग "ऊन तुमच्या पाठीशी होतं की डोळ्यांवर?" बिचारा सहज बोललेला माणूस गोंधळून म्हणे, "अहो साहेब, घार ती घार." यावर वकीलसाहेब मान हलवत आणि मला म्हणत, "लिहू नका." मी काही लिहीत नसेच. मी त्यांचा कारकून. हातात कोर्टाची कागदपत्रं, खांद्याला त्यांची दुर्बीण आणि पोटात भूक, अशा अवस्थेत पनवेलच्या कोर्टासमोरच्या रस्त्यावर उभा असे, आणि साहेब दोन्ही हात पसरून त्या माणसाला पंख कसे धरायचे ते दाखवत. टांग्याची घोडी बुजत. टांगेवाले शिव्या घालत. त्या मलाच पडत, कारण साहेबांना ऐकू येत नसत.

गावात त्यांना पाखरूवकील म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. "म्हणू देत," ते म्हणत. "निदान ओळख तरी बरोबर पटवलीय."

हे सगळं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. पनवेल तेव्हा बैलगाड्यांचं, भाताच्या गिरण्यांचं आणि खाडीतल्या होड्यांचं गाव होतं. वकिलांना काम बरं असे. जमिनीचे बांध होते, भावाभावांची भांडणं होती. पण आमच्या ऑफिसात आलेला पक्षकार जाताना रडकुंडीला आलेला असे. कारण साहेब आधी त्याचीच उलटतपासणी घेत. "तुम्ही म्हणता त्याने बांध फोडला. फोडताना पाहिलात?" "नाय, पन त्याच्याबिगर कोन फोडणार?" "पाहिलात का?" "नाय." "मग फोडलेला बांध पाहिलात, एवढंच म्हणा." पक्षकार उठून समोरच्या वकिलाकडे जाई. तो वकील त्याला चहा पाजे आणि "पाहिलात, पाहिलात, सगळं पाहिलात" म्हणून धीर देई.

कोर्टात एक जुनी गोष्ट सांगत. तरुणपणी साहेब सरकारी बाजूने उभे असताना एका साक्षीदाराने पाठमोऱ्या माणसाला ओळखलं होतं, "चालीवरनं वळखला" म्हणून. साहेबांनी ती साक्ष जोरात लावून धरली. माणूस तुरुंगात गेला आणि तिथेच वारला. मग खरा चोर सापडला. हे खरं की खोटं मी एकदाच विचारलं. साहेब दुर्बिणीची काच पुसत होते, पुसतच राहिले. मीही पुन्हा विचारलं नाही. मात्र मी असेपर्यंत त्यांनी कुठल्याही साक्षीदाराला, आपल्या किंवा परक्या, "तुमचं खरं आहे" असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दुर्बीणही काय, लढाईतून उरलेली, मुंबईच्या बाजारात मिळालेली. एका बाजूची काच धुरकट. एक डोळा मिटूनच बघावं लागे.

आणि नियम ठरलेला. आधी शेपूट, मग पंख, मग मान, नाव सगळ्यात शेवटी. लोक आधी नाव ठरवतात, मग त्याला शोभेल असं शेपूट बघतात, असं त्यांचं म्हणणं.

एकदा फाल्गुनात गोमा आला. कामोठ्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी मिठागरावर राबणारा आगरी माणूस. त्याचा जुना एक दावा आमच्याकडे होता, म्हणून ओळख. एरवी ऑफिसात शिरताच मोठ्याने हाक मारणारा गोमा त्या दिवशी दाराशीच उकिडवा बसला.

"वकीलसाहेब, माज्या पोरीचं लगीन मोडाला आयलंय."

त्याच्या हौशीचं लग्न तळोज्याच्या पलीकडच्या एका गावातल्या मुलाशी ठरलं होतं. मुलाचा आजोबा हिरूबाबा बोलणी पक्की करायला चार माणसं घेऊन गोमाच्या घरी आला. पानसुपारी झाली. निघताना सगळे अंगणात उभे राहिले, तोच एक भलंमोठं पाखरू आलं आणि गोमाच्या घराच्या कौलांवर, अगदी आढ्यावर, बसलं. हिरूबाबाने वर बघितलं, सुपारी थुंकली आणि म्हणाला, "गिधाड!" आणि माणसं घेऊन चालता झाला.

घरावर गिधाड बसणं म्हणजे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शांती करावी लागे. काही लोक घरच सोडत. तशा घरातली मुलगी करून घ्यायला कोण धजावणार? हिरूबाबाने निरोप धाडला होता, "चैत लागंपावतर वाट बगतंव. मंग पोराला दुसरीकडं बगनार."

"आनि त्यो गिधाड नाय, साहेब!" गोमा कळवळून म्हणाला. "आमच्या मागल्या आंब्यावर त्याचा घरटा हाय. खाडीवरचा पाखरू त्यो. मासं धरतंय, पोटाला पांढराफेक. आमी रोज बगतो. तुमी नुसता कागदावर लिवून द्या, गिधाड नाय म्हनून. तुमचा शबुद हिरूबाबा मानंल. पाखरांचं तुमालाच कळतंय, आसं तेच्या गावातबी बोलतान."

मी दौत पुढे ओढली. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

"थांबा," साहेब म्हणाले. "मी पाहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सायकलवर साहेबांना मागे बसवून मी तळोज्यापलीकडे गेलो. पायडल मी मारत होतो आणि साहेब मागून "डावीकडे बघा, मान न वळवता" असं सांगत होते. हिरूबाबाच्या ओटीवर माणसं जमलेली. म्हातारा ताठ, आवाज खणखणीत. साहेबांनी त्याला सगळं विचारलं. सवयीने "तुम्ही, तुम्ही" करत. प्रश्न विचारताना ते कोणालाही, लहान पोरालाही, तुम्हीच म्हणत.

"रंग?"

"तपकिरी. पार अंगभर."

"पोटाला पांढरा?"

"जल्ला पांढरा! आंदला हाय का मी? सारा जलम माजा ढोरांमदी गेला. मेल्या ढोरावर गिधाडां बसतान ती मी बगली नाय व्हय?"

"पंख?"

हिरूबाबा जरा थांबला. "उतरताना डाव्या पंखात फट दिसली. एक पीस मोडला आसंल."

"मान?"

"मान खाली घातली होती. दिसली नाय."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना हा साक्षीदार आवडल्याचं मला दिसलं. मग हिरूबाबाने सरळ विचारलं, "आता तुमी सांगा, साहेब. देवाला साक्षी ठेवून सांगा. गिधाड का नाय?"

गोमा आमच्या आधीच येऊन पोचलेला, हात जोडून उभा. एक "नाही" म्हटलं असतं तर पोरीचं लग्न होत होतं.

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले.

परतताना मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. सायकल मुद्दाम खड्ड्यांतून नेली. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, गोमा खोटं बोलतोय का?" "नाही." "हिरूबाबा?" "तोही नाही." "मग?" "तेच तर," ते म्हणाले. "दोघं खरं बोलताहेत आणि दोघांची पाखरं वेगळी आहेत. एकाचं पांढरं, एकाचं तपकिरी. आंब्यावर घरटं पांढऱ्याचं. मग आढ्यावर आलेलं तपकिरी कुठलं?"

त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात पांढऱ्या पोटाच्या, राखी पाठीच्या त्या खाडीवरच्या गरुडाचं चित्र होतं. तपकिरी काहीच नव्हतं. पुस्तक मिटून ते म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याने जे पाहिलं ते त्याने लिहिलं. आपण आपलं बघू."

आधी मला त्यांनी गिधाड दाखवायला नेलं. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथे. नाकाला धोतराचा सोगा लावून मी उभा, आणि साहेब एक डोळा मिटून अर्धा तास मग्न. "मान बघा, मान. पिसं नाहीत. उघडी, लांब. का ते सांगा." मी म्हटलं, मला फक्त घरी जायचंय. "आत तोंड घालून खायचं असतं. पिसं असती तर रक्ताने चिकटली असती." त्या रात्री मी जेवलो नाही, आणि बायकोने कारण विचारलं तेव्हा ते सांगितलं, मग तीही जेवली नाही.

नंतर मिठागराच्या बांधावर बसणं सुरू झालं. कोर्टाच्या तारखा मी हातापाया पडून पुढे ढकलत होतो. साहेब छत्री उघडून, टोपी डोळ्यांवर ओढून बांधावर बसत, आणि हौशी आम्हाला बिनदुधाचा चहा आणून देई. सतरा-अठरा वर्षांची, खळखळून हसणारी पोर, पण त्या दिवसांत डोळे सुजलेले. मुलगा तिने जत्रेत बघितला होता, आणि तिला तो पसंत होता. गोमा कुऱ्हाड घासून ठेवत होता. लग्न मोडलं तर आंबा पाडायचा, हे त्याने ठरवलं होतं.

एकदा साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसलेले असताना हौशी मला हळूच म्हणाली, "काका, साहेब येकदाच खोटा बोलले तर काय व्हील?"

माझी मुलगी असती तर मीही तेच म्हटलं असतं. "अगं, त्यांना ते जमत नाही गं," एवढंच मी म्हणालो. साहेबांनी ऐकलं असावं. ते दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि तिला जवळ बोलावून म्हणाले, "हे इथून बघा. काय दिसतं ते सांगा. काय आहे ते सांगू नका."

तिने बघितलं. "शेपूट आखूड. पंख मोठं."

"आणखी?"

"आनखी म्हाईत नाय."

"उत्तम," साहेब म्हणाले. तेव्हापासून रोज ती दोन मिनिटं दुर्बीण मागून घेई.

त्याच आठवड्यात दुर्बिणीत काहीतरी दिसताच साहेब तडक जाऊन हिरूबाबाला घेऊन आले. कसं आणलं देव जाणे. म्हातारा बांधावर बसायला तयार नव्हता. गिधाड बसलेल्या घराची सावली नको म्हणून लांब उभा. साहेबांनी त्याला काहीच सांगितलं नाही, नुसती दुर्बीण दिली. सकाळचं ऊन पाठीशी होतं. आंब्याच्या शेंड्यावर तपकिरी धूड बसलं होतं. मोठा आवाज करून ओरडत होतं. मग ते उडालं, धड न जमणाऱ्या पंखांनी घसरत खाली आलं आणि गोमाच्या कौलांवर उतरलं. एक कौल घरंगळून अंगणात पडून फुटलं. आत बायका ओरडल्या.

"ह्योच!" हिरूबाबा म्हणाला. "असाच आयलावता!"

"कशावरून?" साहेब.

"डाव्या पंखात फट हाय, बगा की!"

"मान बघा."

हिरूबाबा बराच वेळ बघत राहिला. दुर्बीण उतरवून त्याने नुसत्या डोळ्यांनी बघितलं, परत लावली. "पिसा हायत," तो सावकाश म्हणाला. "भरून हायत मानंवर."

"गिधाडाच्या असतात?"

"नसतान."

तेवढ्यात खाडीवरून दुसरं पाखरू आलं. पांढरंफेक पोट, पंख वर उचललेले, पायांत लोंबणारा साप. आंब्यावर उतरलं. तपकिरी धूड आढ्यावरून कसंबसं उडून त्याच्याशेजारी जाऊन बसलं आणि पांढऱ्याने साप त्याच्यापुढे ठेवला. तपकिऱ्याने तो ओढला, दोन्ही पंखांनी झाकून घेतला आणि खायला लागलं.

"पोर हाय त्याचा!" हिरूबाबा मांडीवर थाप मारून म्हणाला. "आय पांढरी, पोर काला. आमच्या घरातबी तसाच हाय!" आणि तो हसायला लागला. गोमाही हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तो म्हणाला, "आनि यो तर गरूड! देवाचा वाहान! घरावर गरूड बसला, वकीलसाहेब, गरूड!"

"मी गरुड म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले. "घरावर बसलं ते गिधाड नव्हतं. एवढंच सिद्ध झालं."

कोण ऐकतो! वैशाखात लग्न झालं. मांडवात हिरूबाबा येईल त्याला गरुडाची गोष्ट सांगत होता. आता त्या गोष्टीत गरुडाने नवरीच्या डोक्यावर पंखही धरले होते. साहेब माझ्या शेजारी पानावर बसलेले. त्यांची चुळबुळ सुरू झाली तेव्हाच मी ओळखलं. ते मोठ्याने म्हणाले, "एक मिनिट. कावळीण कोकिळेच्या पिलाला भरवते. भरवलं म्हणून ते तिचंच पोर, असं कसं—" मी त्यांच्या तोंडात जिलेबी कोंबली. साहेबांच्या तोंडात! कारकुनाने! पण लग्न पार पडलं.

जिलेबी संपल्यावर ते मला म्हणाले, "लिहू नका. निकाल राखून ठेवलाय."

हे त्यांनी खरंच पाळलं. तपकिरी पोराचा रंग बदलून ते पांढरं होतं का, हे त्यांना बघायचं होतं. मधलं काहीतरी दिसायला हवं, ते म्हणत. निम्मं असं, निम्मं तसं. पण डाव्या पंखात फट असलेलं ते पाखरू पावसाळ्याच्या आधीच आंब्यावरून निघून गेलं. पुढची कितीतरी वर्षं साहेब सवड मिळेल तेव्हा बांधावर जाऊन बसले. पांढरी दिसली, तपकिरी दिसली, मधलं दिसलं नाही. लोक विचारत, "काय साहेब, गरुडाचं काय झालं?" ते म्हणत, "प्रकरण प्रलंबित आहे."

मग त्यांचे डोळे गेले. आधी एका डोळ्याला धुरकट दिसू लागलं. ते म्हणाले, "दुर्बिणीसारखंच, सवय आहे." मग दुसरा. मुंबईला नेऊन दाखवलं, काही उपयोग झाला नाही. वकिली संपली. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ते मध्येच विचारत, "हे वार्ताहराने पाहिलं की ऐकलं?" मी वैतागून म्हणायचो, "मला काय ठाऊक!" त्यावर ते खूश होत.

एक दिवस हौशी आली. माहेरी जाता जाता वाट वाकडी करून आली होती. अंगाने भरलेली, कडेवर धाकटा पोर, डोक्यावरच्या टोपलीत साहेबांसाठी सुके मासे. साहेबांनी आवाजावरून ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं असेल, पण "कोण आहे?" असं विचारलंच.

"मी हौशी, साहेब. गोमाची." ती खाली बसली. दम खाऊन म्हणाली, "साहेब, गेल्या खेपेला बापाकडं होतू तवा आंब्यावर पाखरू बगलं. तुमाला सांगाचं होतं."

साहेब ताठ झाले. "शेपूट?"

"आखूड. पाचरीवानी. मधी तपकिरी, टोकाला पांढरा."

"पंख?"

"वर धरलेले. खालून निम्मं पांढरं, निम्मं तपकिरी. ठिपक्याठिपक्यांचं."

"मान?"

"पिसांनी भरलेली. पांढरी व्हाया लागलेली."

"ऊन?"

"माज्या पाठीला होतं. मी बांदावर होतू, तुमी बसाचात तितंच."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, आणि मला ठाऊक होतं की हाच प्रश्न येणार. या प्रश्नावर मी चांगले चांगले साक्षीदार कोसळताना पाहिले होते.

"तुमच्या लग्नाच्या वेळचं जे पोर होतं, तेच हे पाखरू. बरोबर?"

मी मनात म्हटलं, हो म्हणू नको गं, पोरी. तिच्या सासरी ते पाखरू म्हणजे देव होतं. आजेसासऱ्याने गावभर तीच गोष्ट सांगितली होती. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि किती गोड!

हौशीने पोराला कडेवरून मांडीवर घेतलं.

"तेच हाय आसं मी कवा म्हनलं, साहेब? फट दिसली नाय. तेच का दुसरं, मला म्हाईत नाय. मी बगलं ते सांगलं."

साहेबांनी त्या बिनकामाच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे वळून कधी म्हटला नव्हता तो शब्द म्हणाले.

"लिहा."